व्हिक्टोरियन इंग्लंडमधले गावोगावचे पुराणवस्तुसंग्राहक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधली संग्रहालये पाहून आलेले, तिथे शिकायला किंवा नोकरीला असलेले आणि इथे बसून इतिहास वाचणारे असे अनेक वाचक या मंडळींबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, मग अडचणीचे. उत्तरांत पुनरुक्ती नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गावोगावचे पुराणवस्तुसंग्राहक म्हणजे नेमके कोण?

लंडनबाहेरच्या काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, राहून आपल्याच परिसरातल्या जुन्या वस्तू, थडगी, शिलालेख आणि नाणी शोधणारे, जमवणारे आणि त्यांविषयी लिहिणारे हौशी लोक. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळात इंग्लंडमध्ये पुरातत्त्व हा पगारी व्यवसाय जवळजवळ नव्हताच. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि हा नाद वेगळा. नादासाठी बहुतेक जण पदरमोड करत.

त्यांचा मुलूख लहान असे : एखादी काउंटी, एखादे खोरे. पण त्या मुलखातले टेकाड न् टेकाड त्यांना ठाऊक असे. रोम आणि ग्रीसच्या संगमरवरी मूर्ती जमवणारे उमराव इंग्लंडात आधीपासून होते. आपल्या शिवारात नांगराच्या फाळाला लागलेले खापर जपून ठेवावे आणि ते कुठे मिळाले हे लिहून ठेवावे, असे वाटणारे लोक मोठ्या संख्येने पुढे आले ते या काळात. आमच्या लेखी त्यांचे मोठेपण तिथेच आहे.

२. हा नाद नेमका याच काळात इतका का पसरला?

कारण जमीन कधी नव्हे इतकी खणली जात होती. रेल्वेचे मार्ग, शहरांतली गटारे, गोद्या, शेतातले पाण्याचे चर, चुनखडीच्या खाणी, जिकडे तिकडे कुदळ चालू होती. पूर्व यॉर्कशायरच्या वोल्ड्स नावाच्या टेकड्यांवर पूर्वी मेंढ्या चरत. तिथली गवताळ जमीन नांगराखाली आली आणि हजारो वर्षांपूर्वीची गारगोटीची हत्यारे सऱ्यांमध्ये दिसू लागली.

सर्वांत बोलके उदाहरण ससेक्समधल्या लुइस गावचे. १८४५ साली तिथे रेल्वेचा मार्ग एका जुन्या मठाच्या अवशेषांतून काढला जात होता. खणताना मजुरांना शिशाच्या दोन लहान पेट्या मिळाल्या. त्यांत अकराव्या शतकातले मठाचे संस्थापक विल्यम द वॉरेन आणि त्यांची पत्नी गुंद्रादा यांच्या अस्थी होत्या, पेट्यांवर नावेही होती. या शोधाने परिसर हलला आणि पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, ससेक्सचे पुरातत्त्व मंडळ स्थापन झाले. ज्या रेल्वेने मठ चिरला तिच्याच डब्यांत बसून मंडळाचे सभासद पुढे अवशेष पाहायला जाऊ लागले.

३. हे सगळे श्रीमंत जमीनदारच होते ना?

काही होते. डर्बीशायरचे थॉमस बेटमन (१८२१–१८६१) यांच्या घरी कापसाच्या धंद्यातून आलेला पैसा होता, त्यामुळे त्यांना नोकरीची गरज पडली नाही. पण यादी वाचत गेले की चित्र पालटते. जॉन रॉबर्ट मॉर्टिमर (१८२५–१९११) हे यॉर्कशायरमधल्या ड्रिफील्डचे धान्याचे व्यापारी. जोसेफ मेयर (१८०३–१८८६) लिव्हरपूलचे सोनार. चार्ल्स रोच स्मिथ औषधविक्रेते. जॉन कॉलिंगवुड ब्रूस न्यूकॅसलचे शाळाचालक. जॉन थर्नम डेव्हायझेसच्या मनोरुग्णालयाचे डॉक्टर. जॉन क्लेटन न्यूकॅसल नगरपालिकेचे मुख्य कारभारी. त्यात खेड्यापाड्यांतले पाद्री तर फार मोठ्या संख्येने होते. त्यांना शिक्षण होते, थोडी सवड होती आणि चर्चची जुनी दप्तरे हाताशी होती.

४. काउंट्यांची मंडळे काय काम करत?

न्यूकॅसलचे मंडळ १८१३ चे, म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधीचे. खरी लाट आली ती १८४० नंतर : ससेक्स १८४६, सॉमरसेट १८४९, विल्टशायर १८५३, केंट १८५७, कंबरलंड आणि वेस्टमोरलंड १८६६, डर्बीशायर १८७८. वर्गणी भरून सभासद व्हायचे, हिवाळ्यात निबंधवाचन ऐकायचे, उन्हाळ्यात सहलीला जायचे. सहलीत चर्च, किल्ला, एखादे उघडलेले थडगे आणि शेवटी जेवण.

सहली नि जेवणे विसरली गेली. मागे उरली ती मंडळांची वार्षिके, आणि आजही संशोधक ती चाळतात. अमुक शेतात अमुक साली अमुक वस्तू निघाली, ही नोंद अनेकदा त्यांखेरीज दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

५. १८४५ साली राष्ट्रीय संघटनेत फूट पडली ती कशावरून?

डिसेंबर १८४३ मध्ये रोच स्मिथ आणि थॉमस राइट यांच्या पुढाकाराने ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन निघाली. जुन्या, लंडनकेंद्री सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडून काउंट्यांमधल्या अवशेषांची हेळसांड होते, ही त्यामागची तक्रार. पहिले अधिवेशन सप्टेंबर १८४४ मध्ये कँटरबरीला भरले. तिथे सभासदांसमोर सॅक्सन थडगी (रोमनांनंतर इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांची) उघडण्यात आली आणि एक इजिप्शियन ममीही सोडवून दाखवण्यात आली.

लगेचच राइट यांनी अधिवेशनाच्या विषयावर नफ्यासाठी एक पुस्तक काढले. लेखणीवर पोट भरणारा माणूस संस्थेचा लौकिक वापरून पैसे मिळवतो, हे आल्बर्ट वे आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींना खपले नाही. त्यांनी आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था उभी केली. भांडण पुस्तकावरून झाले खरे, पण त्याच्या बुडाशी वर्गभेद होता. राइट आणि रोच स्मिथ कष्ट करून खाणारे होते, आणि समोरच्या बाजूला अनेकांना त्याची गरज नव्हती.

६. 'बॅरो' म्हणजे काय आणि ती कशी उघडत?

बॅरो म्हणजे मृताला पुरून त्यावर रचलेले मातीचे किंवा दगडांचे टेकाड. काही नवाश्मयुगातली लांबट, बरीच कांस्ययुगातली गोल, तर काही सॅक्सन काळातली. जुन्या टेकाडांत नंतरच्या लोकांनी आपली माणसे पुरली असेही अनेकदा दिसते.

शतकाच्या पूर्वार्धातली सर्रास पद्धत अशी : मजूर घ्यायचे, टेकाडाच्या कडेपासून मध्यापर्यंत चर खणायचा, मध्यभागी मुख्य दफन असेल असे धरून तिथे पोचायचे, हाडे नि भांडी काढायची आणि माती परत लोटायची. लहान टेकाड एका दिवसात आटोपे. बेटमन यांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी अशी शेकडो टेकाडे उघडली. स्टॅफर्डशायरमधल्या वेटनचे शिक्षक सॅम्युअल कॅरिंग्टन आणि यॉर्कशायरमधल्या पिकरिंगचे जेम्स रडक हे त्यांचे दोन मुख्य सहकारी. उघडलेल्या टेकाडात बेटमन आपल्या नावाचा शिशाचा बिल्ला पुरून ठेवत, म्हणजे पुढे खणणाऱ्याला कळावे की इथे आधी कोणी येऊन गेले आहे.

७. बेंटी ग्रेंजच्या शिरस्त्राणाचे एवढे कौतुक कशासाठी?

३ मे १८४८ रोजी बेटमन यांनी डर्बीशायरमधल्या मोनीॲशजवळचे बेंटी ग्रेंजचे टेकाड उघडले. शरीर जवळजवळ पूर्ण विरून गेले होते. उरला होता लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, ज्यावर एके काळी शिंगाचे पत्रे बसवलेले होते. माथ्यावर रानडुकराची छोटी मूर्ती आणि नाकावरच्या पट्टीवर ख्रिस्ती क्रूस. सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन योद्ध्याचे हे शिरस्त्राण. बिवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात डुकराची आकृती मिरवणारी शिरस्त्राणे येतात, पण इंग्लंडच्या मातीतून तसे शिरस्त्राण निघाल्याचे त्याआधी कोणाला ठाऊक नव्हते.

जुन्या दैवताचे चिन्ह आणि नव्या धर्माची खूण, दोन्ही एकाच डोक्यावर. धर्मांतराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजाचा इतका थेट पुरावा क्वचितच हाती लागतो. त्या दिवशीच्या गंजलेल्या तुकड्यांकडे लोखंडाचा भंगार म्हणून न पाहता बेटमन यांनी ते कसे पडले होते याची टिपणे ठेवली. म्हणूनच आज आपण हे बोलू शकतो.

८. प्रत्यक्ष खणणाऱ्या मजुरांचे काय?

त्यांची नावे क्वचित उरली आहेत. रोजंदारीवर खणायचे, हाती लागलेली वस्तू मालकाकडे द्यायची. चांगल्या वस्तूला बक्षीस मिळे, आणि म्हणून काही वस्तू परस्पर विकल्याही जात. मॉर्टिमर यांनी वोल्ड्सवरच्या शेतमजुरांना गारगोटीची हत्यारे ओळखायला शिकवले आणि ती विकत घेण्याची रीत पाडली. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग या मजुरांच्या तीक्ष्ण नजरेतून आला आहे. संग्राहकाचे नाव पाटीवर येते आणि हे लोक बाहेर राहतात, हा अन्याय संग्रहालयांनी आता तरी भरून काढायला हवा. या सवयीची दुसरी बाजू प्रश्न १३ मध्ये आहे.

९. या कामात स्त्रिया होत्या का?

होत्या, पण दारे अर्धीच उघडी होती. काउंटी मंडळांच्या सहलींना आणि व्याख्यानांना स्त्रिया सर्रास येत. नॉर्फकच्या ॲना गर्नी यांनी अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इंग्रजीतल्या इतिवृत्ताचा आधुनिक इंग्रजी अनुवाद १८१९ मध्येच केला होता. लहानपणापासून त्यांना चालता येत नसे. १८४५ मध्ये त्या ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. मॉर्टिमर यांची कन्या ॲग्नेस हिने वडिलांच्या ग्रंथासाठी वस्तूंची चित्रे काढली, आणि त्या चित्रांवाचून तो ग्रंथ अर्धा राहिला असता. सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने मात्र स्त्रियांना फेलो म्हणून घ्यायला १९२१ साल उजाडू दिले.

१०. ग्रीनवेल आणि मॉर्टिमर यांच्यात वितुष्ट कशाचे?

विल्यम ग्रीनवेल (१८२०–१९१८) डरहॅमच्या कॅथीड्रलशी संबंधित धर्मगुरू आणि तिथले ग्रंथपाल. १८६० च्या दशकात ते दक्षिणेला वोल्ड्सवर येऊन टेकाडे उघडू लागले. मॉर्टिमर यांचे घर, गिऱ्हाइके, ओळखीपाळखी सगळे तिथेच. बाहेरून आलेला नामवंत माणूस पटापट टेकाडे उघडून जातो, आणि तेही खड्ड्याच्या तळापर्यंत न पोचता, ही त्यांची खंत होती. मॉर्टिमर स्वतः तळ गाठायचाच या हट्टाचे. १८९० मध्ये डगलबी हाउ या प्रचंड टेकाडाखाली खोल खडकात खोदलेल्या कबरीपर्यंत ते उतरले.

ग्रीनवेल यांच्या बाजूने हे सांगायलाच हवे की १८७७ मधला त्यांचा ब्रिटिश टेकाडांवरचा ग्रंथ हा त्या काळातला या विषयाचा सर्वांत व्यापक आढावा होता. १८६८ ते १८७० दरम्यान नॉर्फकमधल्या ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे खणून, ते खळगे म्हणजे गारगोटीच्या प्रागैतिहासिक खाणी आहेत हे त्यांनीच दाखवले. खाणकामगारांनी टाकून दिलेली हरणाच्या शिंगांची टिकावे तिथे तशीच पडलेली होती. (गळाने मासे पकडणाऱ्यांना ग्रीनवेल यांचे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असते. ट्राउटसाठीची 'ग्रीनवेल्स ग्लोरी' ही कृत्रिम माशी त्यांचीच.)

आमचा कल मॉर्टिमर यांच्याकडे आहे. त्यांनी एकाच मुलखात चाळीस वर्षे काम केले आणि १९०५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, सगळ्याची सविस्तर नोंद छापून मगच ते थांबले.

११. हे लोक माणसांच्या कवट्या का जमवत?

कवटीच्या आकारावरून वंश ओळखता येतो, अशी त्या काळातली ठाम समजूत होती. थर्नम यांनी एक सूत्रच मांडले : लांब टेकाडात लांब कवट्या, गोल टेकाडात गोल कवट्या. टेकाडांचे दोन प्रकार वेगळ्या काळातले आहेत हा त्यातला अंश पुढे खरा ठरला. वंशांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेबद्दल त्यावर जे इमले चढवले गेले ते मात्र निराधार होते आणि त्यांनी जगभर अपाय केला.

आणखी एक तोटा झाला. कवटी ठेवायची आणि बाकीचा सांगाडा परत पुरायचा किंवा फेकायचा, अशी रीत पडली. वय, आजार, आहार यांची माहिती देणारी हाडे त्यात गेली.

१२. मग त्यांच्या खोदकामाने नुकसान जास्त झाले की फायदा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. टेकाड एकदाच उघडता येते. मातीचे थर एकदा कापले की ते पुन्हा वाचता येत नाहीत. कोळसा, धान्याचे दाणे, जनावरांची हाडे यांना त्या काळात किंमत नव्हती, ती बहुतेक ठिकाणी फेकली गेली. थरांचे छेद काढण्याची सवय फार थोड्यांना होती. हे नुकसान खरे आहे आणि ते भरून निघणार नाही.

पण दुसरा विचारही केला पाहिजे. त्यांनी हात लावला नसता तर ती टेकाडे आज शाबूत असती का? वोल्ड्सवरची आणि इतरत्रची कितीतरी टेकाडे त्यानंतरच्या नांगरटीत सपाट झाली. तिथे काय होते हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्या संग्राहकाची वही. म्हणून आम्ही प्रत्येकाला एकच माप लावतो : त्याने लिहून ठेवले का? जागा, तारीख, वस्तू प्रेताच्या डोक्याशी होती की पायाशी, हे टिपले असेल तर तो माणूस आमच्या दृष्टीने संशोधक. नुसती कपाटे भरली असतील तर, वस्तू कितीही देखणी असो, त्याने पुरावा नष्ट केला. बेटमन, ग्रीनवेल आणि मॉर्टिमर तिघेही या कसोटीला उतरतात, कमी-अधिक प्रमाणात. ज्यांची नावे आज कोणाला माहीत नाहीत असे कितीतरी जण उतरत नाहीत.

१३. नकली वस्तूंचा सुळसुळाट होता असे ऐकले. खरे का?

खरे. मागणी आली की पुरवठा करणारे येतात. त्यांत सर्वांत प्रसिद्ध एडवर्ड सिम्पसन ऊर्फ 'फ्लिंट जॅक'. व्हिट्बीजवळचा हा भटक्या माणूस. तरुणपणी स्थानिक विद्वानांसोबत जीवाश्म शोधताना जुन्या वस्तूंचे बारकावे त्याला कळले. मग गारगोटीची बाणाग्रे, कुऱ्हाडी, 'प्राचीन' कलश असे सगळे तो स्वतःच घडवू लागला आणि गावोगाव पायी हिंडत विकू लागला. चहाच्या जुन्या तबकातून त्याने रोमन चिलखताची छातीपट्टी केली आणि ती खपवलीही. १८६२ मध्ये लंडनला भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याने आपली कला जाहीरपणे करून दाखवली. पुढे दारू आणि दारिद्र्य यांनी त्याला गाठले आणि १८६७ मध्ये चोरीबद्दल तो बेडफर्डच्या तुरुंगात गेला. गारगोटीवर घाव कसा घालायचा हे त्याच्या काळात त्याच्याइतके क्वचितच कोणाला कळत होते, आणि ते कसब कोणत्या चांगल्या कामी लागले नाही याचे वाईट वाटते.

दुसरे प्रकरण लंडनचे. थेम्सच्या चिखलात वस्तू वेचणारे विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन, म्हणजे 'बिली आणि चार्ली', यांनी १८५७ पासून शिशाच्या मिश्रधातूची 'मध्ययुगीन' पदके आणि मूर्ती हजारोंनी ओतल्या आणि शॅडवेलच्या नव्या गोदीच्या खोदकामात मिळाल्या म्हणून विकल्या. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे वरचा मजकूर निरर्थक असे. अकराव्या शतकातल्या तारखा तर चक्क आजच्या अंकांत! तरीही रोच स्मिथ यांच्यासारखा जाणकार फसला. एवढी विचित्र वस्तू बनावट करणारा बनवणारच नाही, असा त्यांचा तर्क होता. १८५८ मध्ये प्रकरण बदनामीच्या खटल्यापर्यंत गेले आणि १८६१ मध्ये चार्ल्स रीड यांनी साचेच हस्तगत केल्यावर निकाल लागला.

१४. जमिनीत सोने सापडले तर ते कोणाचे?

तेव्हाच्या इंग्लंडमधल्या कायद्याने सोने किंवा चांदी, जी मालकाने परत काढण्याच्या हेतूने लपवली आणि ज्याचा मालक सापडत नाही, ती राजसत्तेची. १५ मे १८४० रोजी लँकेशायरमध्ये रिबल नदीचा काठ दुरुस्त करणाऱ्या मजुरांना क्युअरडेल येथे वायकिंग काळातला चांदीचा साठा मिळाला : ८,६०० हून अधिक वस्तू, वजन ४० किलोच्या आसपास. मजुरांना प्रत्येकी एक नाणे ठेवू दिले. साठा लँकेस्टरच्या डचीकडे, म्हणजे राणीकडे गेला आणि पुढे ब्रिटिश म्युझियमसह अनेक संग्रहांत वाटला गेला.

सापडणाऱ्याला काही मिळत नसेल तर तो वस्तू गुपचूप वितळवणार, हे उघड होते. म्हणून १८६० मध्ये सरकारने धातूच्या किमतीइतके बक्षीस जाहीर केले. बातमी सगळीकडे पोचली नव्हती. जानेवारी १८६३ मध्ये ससेक्समधल्या माउंटफील्डला एका नांगऱ्याला कांस्ययुगातल्या सोन्याच्या दागिन्यांचा साठा लागला. त्याला ते पितळ वाटले. सहा पेनी पौंड या भावाने, साधारण साडेपाच शिलिंगांना, त्याने ते मोडीत विकले. घेणाऱ्याने आणि त्याच्या नातेवाइकाने ते सोने ओळखून लंडनला पाचशे पौंडांहून अधिक किमतीला विकले. त्यांना शिक्षा झाली, पण दागिने वितळले ते वितळलेच.

१५. मग थडग्यात मिळालेले सोनेही राजसत्तेकडे जात असे का?

नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. मृताबरोबर ठेवलेली वस्तू परत काढण्यासाठी ठेवलेली नसते. त्यामुळे प्रश्न १४ मधला नियम तिला लागू होत नसे आणि ती जमीनमालकाची ठरे. नाण्यांनी भरलेला हंडा सरकारजमा आणि राजाच्या कबरीतले सोने खासगी, असा उलटा प्रकार. कांसे, लोखंड, खापर, शिळा यांना तर कोणतेच संरक्षण नव्हते. टेकाड उघडायला मालकाची परवानगी पुरे होई.

१६. वस्तू लंडनला द्यायच्या की जिल्ह्यात ठेवायच्या, यावर वाद होता का?

मोठाच. ब्रायन फॉसेट या केंटच्या धर्मगुरूंनी अठराव्या शतकात सातशेहून अधिक सॅक्सन कबरी उघडल्या होत्या. १७७१ मध्ये मिळालेली किंग्स्टनची सोन्याची, गार्नेटचे लाल खडे जडवलेली पदकपिन त्यांच्याच संग्रहातली. तो संग्रह विकायला आला तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांनी नाकारला. देशी पुराणवस्तूंविषयी ही अनास्था पाहून विद्वान संतापले. अखेर १८५४ मध्ये मेयर यांनी तो घेतला, १८५६ मध्ये फॉसेट यांची टिपणे रोच स्मिथ यांच्या संपादनाखाली छापवली आणि १८६७ मध्ये सगळे लिव्हरपूल शहराला दिले. रोच स्मिथ यांचा लंडनचा संग्रह मात्र १८५६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने २,००० पौंडांना घेतला.

घरचा संग्रह घरच्यांच्याच हातून विखुरतो, हेही घडले. बेटमन यांचा संग्रह १८७६ मध्ये शेफील्डच्या संग्रहालयात उसना ठेवला होता. १८९३ मध्ये त्याचा काही भाग शेफील्डने विकत घेतला आणि उरलेला लिलावात गेला. मॉर्टिमर यांनी ड्रिफील्डमध्ये १८७८ साली स्वतःचे संग्रहालय बांधले, पण तो संग्रहही त्यांच्या मृत्यूनंतर हलला आणि हल शहरात पोचला. तो एकसंध राहिला हे आपले भाग्य.

१७. हेड्रियनच्या भिंतीशी यांचा काय संबंध?

ही भिंत म्हणजे रोमनांनी उत्तर इंग्लंडात बांधलेली सीमाभिंत. जॉन क्लेटन (१७९२–१८९०) यांच्या तिथल्या चेस्टर्स या वडिलोपार्जित वाड्याच्या आवारातच रोमन किल्ला होता. भिंतीचे दगड शेतकरी कुंपणाला आणि गोठ्यांना नेतात हे पाहून त्यांनी भिंतीलगतच्या जमिनी एकेक करून विकत घ्यायला सुरुवात केली, अनेक किल्ल्यांसकट. पडलेले दगड पुन्हा रचून घेतले. १८७६ मध्ये कॅरोबर्ग या भिंतीवरच्याच दुसऱ्या किल्ल्याजवळ कोव्हेंटिना या देवतेच्या विहिरीत तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली, आणि आणखी बरीच चोरांनी नेली. ब्रूस यांनी १८४९ मध्ये हौशी लोकांना घेऊन भिंतीच्या कडेने यात्रा काढली. १८८६ मध्ये ती पुन्हा निघाली आणि तेव्हापासून साधारण दर दहा वर्षांनी निघत आली आहे.

१८. सरकारने कायदा केव्हा केला?

१८८२ मध्ये. जॉन लबक यांनी १८७१ मध्ये एव्हबरीच्या शिळावर्तुळातली जमीन घरे बांधली जाऊ नयेत म्हणून स्वतः विकत घेतली होती. संसदेत त्यांनी १८७३ पासून विधेयक रेटले. खासगी मालमत्तेवर घाला म्हणून ते वारंवार पडले. अखेर मंजूर झालेल्या कायद्याच्या यादीत फक्त ६८ स्मारके होती आणि मालकाने स्वखुशीने सोपवले तरच संरक्षण मिळे.

१९. जनरल पिट-रिव्हर्स यांना या यादीत धरायचे का?

अर्धे. सैन्यातले अधिकारी, लंडनच्या विद्वत्सभांत वावरणारे, ऑक्सफर्डला वीस हजारांहून अधिक वस्तू देणारे हे गृहस्थ प्रांतिक म्हणता येत नाहीत. पण १८८० मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या क्रॅनबोर्न चेसची जहागीर वारशाने मिळाल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य त्या एका मुलखाच्या खोदकामाला दिले. साधे खापरही नोंदवायचे, प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर दाखवायची, खड्डा बुजवताना तारखेचे पदक ठेवायचे, ही त्यांची शिस्त. १८८३ पासून ते नव्या कायद्याखालचे पहिले निरीक्षकही होते. त्यांना शास्त्रीय उत्खननाचे जनक म्हणतात तेव्हा एक गोष्ट राहून जाते : टेकाड उघडणे ते १८६७ मध्ये ग्रीनवेल यांच्याबरोबर वोल्ड्सवर शिकले.

२०. याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि थेट. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये उघडली. १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तिथल्या शिळांवरच्या वाटीसारख्या खुणांची तुलना ब्रिटनमधल्या खुणांशी केली. दख्खनमध्ये शोरापूरला (आज कर्नाटकात) फिलिप मेडोज टेलर यांनी महापाषाणयुगीन (मोठमोठ्या शिळा रचलेली) दफने उघडून त्यांचे छेद काळजीपूर्वक काढले. अशी काळजी त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्येही विरळ होती. मात्र दोघांनीही दख्खनच्या थडग्यांकडे ब्रिटनचे साचे डोळ्यांसमोर ठेवून पाहिले, हे विसरून चालणार नाही.

कायद्यातही फरक आहे. १८७८ चा भारतीय गुप्तधन कायदा सोन्याचांदीपुरता नाही. जमिनीत लपलेली कोणतीही मौल्यवान वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक. तो कायदा आजही लागू आहे.

२१. आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. हे संग्रह कुठे पाहायला मिळतील?

बेंटी ग्रेंजचे शिरस्त्राण शेफील्डच्या वेस्टन पार्क म्युझियममध्ये, मॉर्टिमर यांचा संग्रह हल अँड ईस्ट रायडिंग म्युझियममध्ये, किंग्स्टनची पदकपिन लिव्हरपूलच्या वर्ल्ड म्युझियममध्ये, विल्टशायर मंडळाचा संग्रह डेव्हायझेसला. क्लेटन यांच्या वस्तू चेस्टर्सच्या रोमन किल्ल्याशेजारच्या छोट्या संग्रहालयात आहेत. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर चेस्टर्सला जा. कपाटांची जुनी मांडणी बरीचशी तशीच ठेवलेली आहे, आणि ज्या किल्ल्यातून त्या शिळा निघाल्या तो दारातून बाहेर पडताच समोर दिसतो. जाण्याआधी संग्रहालयांच्या वेळा तपासा. फिरताना शेतात काही सापडले तर ते जिथे आहे तिथेच राहू द्या, जागेचा फोटो काढा आणि जमीनमालकाला तसेच पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवा.